खानेसुमारी काका आणि इतर मंडळी

इंग्लंडातल्या लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात एक गृहस्थ होते. समोर माणूस आला की नमस्काराच्या आधी विचारायचे, "मग, सध्या कुठे?" कुठे म्हणजे कोणत्या नोकरीत. उत्तर ऐकल्यावर नमस्कार किती वाकून करायचा, ते ठरायचं. तुमच्या आजोबांनी त्यांचं नाव ठेवलं खानेसुमारी काका.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नोकरीतून निवृत्त झाल्यावर काका मंडळाचे सेक्रेटरी झाले आणि लॅपटॉपवर सगळ्या कुटुंबांची यादी करून बसले. आधी डॉक्टर, मग आयटी, मग फायनान्स, मग शिक्षक आणि तळाला 'इतर'. गणपतीच्या आरतीचा मान याच क्रमाने मिळायचा. गणपती पाच दिवसांचा, त्यामुळे आरत्या शिक्षकांपर्यंत येता येताच संपायच्या. "इतर मंडळींचं पुढच्या वर्षी बघू," असं काका दर वर्षी म्हणत आणि इतर मंडळी दर वर्षी मुकाट्याने हॉलमध्ये खुर्च्या मांडत. आजोबांनी तीस वर्षं या शहरात बस चालवली, तेव्हा आपलं घर 'इतर'. मी इंग्रजी घेऊन बीए झाले, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. पण काकांच्या हिशेबी घराची पायरी नवऱ्यावरून ठरायची.

एकदा काका त्यांच्या मुलीकडे अमेरिकेत, तुमच्याच ओहायोतल्या शहरात, दोन आठवडे राहून आले. एक मॉल आणि एक देऊळ पाहिलं, तेवढ्यावर इथे येऊन तासभर भाषण दिलं, स्लाइडसकट. "तिथे आपल्या लोकांत एकही इतर नाही! सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. शिका काहीतरी!" तुमची आई तेव्हा सुट्टीला इकडे आली होती. ती म्हणाली, "काका, तुम्हाला एअरपोर्टवरून घरी सोडलं ना, तो टॅक्सीवाला नाशिकचा. आमच्या गल्लीतच राहतो." काका म्हणाले, "तो तात्पुरता असेल," आणि पुढची स्लाइड लावली.

तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन गणपतीनंतरच्या आठवड्यात ठरलं. या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी मात्र मला म्हणाले, "एकदा आरतीचं तबक हातात घ्यावंसं वाटतंय गं." मी काकांना फोन केला, गाठीचंही सांगितलं. काका हळहळले. मग म्हणाले, "पण वहिनी, यादी फायनल झाली आहे. पुढच्या वर्षी नक्की."

विसर्जन समुद्रावर व्हायचं. मूर्ती आणि म्हातारी मंडळी मिनीबसने न्यायची आणि ती मिनीबस दर वर्षी आजोबाच चालवायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी बस हॉलच्या दाराशी लावली. मी किल्ली मागून घेतली, पर्समध्ये टाकली आणि त्यांना घेऊन आत गेले. शेवटच्या आरतीचं तबक एका अकाउंटंटच्या हाती द्यायच्या बेतात काका होते.

"तबक यांना द्या," मी म्हणाले. "किल्ली माझ्याकडे आहे."

"वहिनी, हे नियमात बसत नाही."

"मग बस चालवायला नियमात बसणारा माणूस काढा."

खोटं वाटेल, पण काकांनी लॅपटॉप उघडला. डॉक्टर झाले, आयटी झालं, फायनान्स झालं. मिनीबसचं लायसन्स एकाकडेही नव्हतं. तेवढ्यात अकाउंटंटने स्वतःच तबक आजोबांपुढे धरलं. "घ्या हो, तुम्हीच करा. मला आरती धड पाठही नाही."

आजोबांनी आरती केली. आवाज शेवटच्या कडव्यापर्यंत खणखणीत. मग हात पुसले, माझ्याकडून किल्ली घेतली आणि सगळ्यांना समुद्रावर नेऊन सुखरूप परत आणलं.

ऑपरेशननंतर ते घरी आले नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

दोन महिन्यांनी खानेसुमारी काका भेटायला आले. कोट न काढताच सोफ्याच्या कडेवर टेकले. आजोबांच्या फोटोला नमस्कार केला. मला वाटलं, आता माफी मागतील. मी चहाचं आधण ठेवायला उठले.

"वहिनी," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बस कोण नेईल हो?"

घरी आलेल्या माणसाला चहा न विचारता दारापर्यंत पोचवण्याची माझी ती पहिली वेळ. त्याचं मला अजूनही वाईट वाटलेलं नाही.