मुराळी सकाळी आला आणि रिकामा गेला

भाऊ बहिणीला पंचमीला न्यायला येतो, चहा पितो आणि बहिणीला न घेताच परत जातो, हे तुम्ही कुठं ऐकलंय का? माझ्या घरी झालं. बंडू, माझा धाकटा भाऊ, मुराळी होऊन आला होता. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. माझी बॅग आठ दिवसांपासून भरून ठेवलेली. आणि हा दारातच चपला घालत म्हणतो, "आक्का, यंदा ऱ्हाऊ दे. तुला तरास व्हईल. पंचमी झाली की आम्हीच येतो भेटायला." आणि गेला.

घोटाळा कुठं झाला ते सांगते. तो पहिल्या गाडीनं आला.

मला या उन्हाळ्यात संधिवात निघाला. म्हातारपणी गुडघे दुखतात तो नव्हे. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आमवात. बोटं, मनगटं, पावलं, सगळे सांधे सुजवतो. याची रीतच उलटी. सकाळी उठले की हात लाकडाचे. वेणी घालता येत नाही, नळ फिरवता येत नाही. ऊन वर आलं की सुटायला लागतात आणि दुपारी मी जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून स्कूटर चुकवत भाजी आणते. त्यामुळं शेजारपाजारचे म्हणतात, सकाळी कण्हती आणि दुपारी हिंडती, नाटक आहे. बंडूनं मला नेमकं सकाळी बघितलं. दोन्ही तळव्यांत कप धरलेला, निम्मा चहा पदरावर. तेवढं बघून त्यानं ठरवून टाकलं. दुपारी आला असता तर त्याची पिशवीसुद्धा मीच उचलली असती.

दुसऱ्या दिवशी जेवण करून मी निघाले. आमचे हे म्हणाले, "मूळ आल्याबिगर, कुणी न्यायला आल्याबिगर माहेरी जातेत का? लोक काय म्हनतील?"

"मूळ आल्तं. मला विसरून गेलं. मी त्याच्या मागं चालले."

मी शिकलेली चौथी. बोटं चालत नाहीत म्हणून हे सगळं मोबाईलला बोलून लिहून राह्यले. ज्यांना हा आजार आहे आणि कुठं जायचं म्हटलं की नको वाटतं, त्यांनी नीट वाचा.

जालन्याहून शहागडला, माझ्या माहेरी, बीडच्या एसटीनं जायचं, अंबड, वडीगोद्रीवरून. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्चाची काळजी नाही. काळजी पायरीची. एसटीची पहिली पायरी कोणी केली त्याला एकदा तरी सांधे सुजायला पाहिजेत. दांडा बोटांनी धरायला जाऊ नका, कळ डोक्यात जाते. कोपर अडकवायचा आणि अंग वर ओढायचं. मी तशी चढत होते तर कंडक्टर पोरगी म्हणाली, "मावशी, जल्दी. गाडी पंचमीला पोचवायचीय, दिवाळीला न्हाई."

"तुझी पायरी खाली आण, मंग बघ माझी जल्दी."

हसली आणि माझी बॅग तिनंच आत घेतली. मागच्या चाकावरचं सीट घेऊ नका, खड्ड्याला मनगटं बोलतात. अंबडला गाडी थांबते तेव्हा खाली नाही उतरलं तरी चालेल, पण जागेवर उभं राहायचं, मुठी उघडझाप करायच्या. बसून राहिलं की पुन्हा लाकूड होतं.

शेजारी एक बाई होती, घनसावंगीला लेकीकडं निघालेली, अंबडला उतरून जीप धरणार होती. माझी बोटं बघून तिनं निर्गुडीचा पाला, मेथ्याचे लाडू, एरंडाचं तेल आणि एक बाबा सांगितला. मी म्हटलं, पाला बांधते, लाडू खाते, बाबा तुमच्याकडंच ठेवा. डॉक्टरांची गोळी सोडायची नाही. माझी एक गोळी आठवड्यातून एकदाच असते, ती मी प्रवासात पदराला गाठ मारून ठेवते. विसरायचं कामच नाही.

वडीगोद्रीच्या पुढं हायवे लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना. शहागडला आता ट्रकांची रांग, भज्यांच्या गाड्या, हॉर्न. मी लहान होते तेव्हा आमचे दादा, म्हणजे वडील, मेंढ्या घेऊन याच गोदावरीवर यायचे. लोकर कातरायच्या आधी मेंढ्या नदीत धुवायच्या. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभे, एकेक मेंढी हाताखालून काढायचे, आणि मी नि बंडू काठावर ओल्या मेंढ्या अडवायचो. पळून गेली की बंडू रडायचा आणि मी पळायचे. काय पाय होते माझे! आता मेंढ्या नाहीत, बंडूचा ऊस आहे आणि चार शेळ्या. पण गोदावरीकडनं वारा आला की मला अजून ओल्या लोकरीचा वास येतो.

स्टॉपवरून वस्तीपर्यंत रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला आधीच सांगा, हळू चालव.

अंगणात शिरले तर बंडू शेळ्यांना पाला टाकत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या बॅगेकडं बघितलं आणि घरात ओरडला, "कांता, आक्का आली. खुर्ची काढ."

ती खुर्ची माझ्या डोक्यात गेली. ओसरीत कांता, माझी भावजय, तिच्या दोन चुलत जावा आणि शेजारच्या बाया खाली फतकल मारून बसलेल्या. दुसऱ्या दिवशीच्या पंचमीसाठी लाह्या निवडणं, डाळ निवडणं, चेष्टा, सगळं खाली चाललेलं. आणि मी वर, लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर.

"मला काय भाषण करायचंय का हितं बसून?"

"वन्सं, तुमी पाव्हण्या. बसा निवांत."

पाहुणी! ज्या घरात मी शेण काढलं, त्या घरात मी पाहुणी. मी कुणाला दिसेल असं रडले नाही, पण चहा कडू लागला.

आता पंचमीच्या सकाळचं सांगते. लाज वाटते, पण तुमच्यासाठीच सांगते. बंडूच्या घरी संडास आहे, स्वच्छ आहे, पण खाली बसायचा. बसले. उठता येईना. भिंतीला धरायला काही नाही, गुडघे अडकलेले, हात लाकूड. शेवटी कांताला हाक मारली. तिनं काखेत हात घालून मला उठवलं. हसली नाही. तेव्हा मला कळलं, बंडू अगदीच चुकला नव्हता. त्याला माझा तरास बराबर दिसला होता. त्यावर त्यानं काढलेला इलाज चुकला. बहीण येऊ शकत नाही तर बहिणीलाच नको आणायचं, असा इलाज.

कांतानं मला चुलीपाशी बसवलं, परातीत गरम पाणी ओतलं आणि माझ्या मुठी त्यात बुडवल्या. एकेक बोट सोडवायला लागली.

आमच्या लहानपणी पंचमीच्या आदल्या दिवशी आई मेंदीचा पाला वाटायची. तळहातावर गोळा ठेवायची, मूठ मिटवायची आणि वरून फडकं बांधायची. सकाळी मुठी उघडायच्याच नाहीत. मी आईच्या डाव्या अंगाला, बंडू उजव्या, त्यालाही मेंदी पाहिजेच असायची. आई गरम पाण्यात मुठी बुडवायची आणि एकेक बोट उघडायची. आत लालभडक निघालं की बंडू अख्ख्या वस्तीला दाखवत सुटायचा.

बंडू दारात उभा होता, दुधाचं भांडं घेऊन. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. म्हणाला, "आई अशीच उघडायची."

"रोज असंच असतंय रे. पंचमी असो नसो. थोडा येळ थांब, मंग बघ."

तो थांबला. शेतात गेला नाही.

पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मला वाटतं हा सण कुणीतरी दुखऱ्या हातांच्या बाईनंच काढला असेल. भाकरी थापायला मला आता होत नाही. पण पुरणाचे दिंड घडी घालून उकडायचे असतात. ऊन अंगणात आल्यावर मी खुर्ची सोडली. पाट मागवला, त्यावर उशी ठेवली आणि बायांमध्ये बसले. कांता लाटायची, मी घड्या घालायचे. पहिले दोन वेडेवाकडे झाले. पुढचे आईसारखे झाले, चारी कोपरे बरोबर मध्यात. कांता म्हणाली, "आमच्या सासूबाईंच्या हातचे दिसायलेत."

ऊन उतरताना बंडूनं लिंबाला झोका बांधला. दोरावर फळी ठेवली आणि म्हणाला, "बस, आक्का."

"दोर धरता येत न्हाई मला."

"एसटीत कसं धरलं?"

कोपर अडकवून बसले. त्यानं हळूच ढकललं. मी म्हटलं, ढकलायचं तं नीट ढकल, मी काय काचेची आहे? मंग ढकललं. उसाच्या शेंड्यांवरून गोदावरीचं पाणी चमकलं, आणि मी ओरडले तशी कुठली तरी शेळीही ओरडली. सगळ्या बाया हसल्या. तासभर माझं काहीच दुखलं नाही. दुखलं असेल तर मला कळलं नाही.

उतरल्यावर मी त्याला म्हटलं, "संडासावर ठेवायची खुर्ची मिळती, मधे भोक असलेली. जालन्यात दुकानात आहे. अन् भिंतीला एक दांडा ठोक. मंग मी दरवर्षी येते." कांता पटकन म्हणाली, "बसवाच. माझे बी गुडघे वाजायलेत, मी बोलले न्हाई कवा."

मी म्हटलं, पैसे मी देते. त्याला राग आला. माहेरात बहीण पैसे देते का, म्हणे. मंग म्हणाला, "बघू."

परत आले. येताना गाडीत बसायला जागा मिळाली, पायरी तेवढीच उंच होती. घरी आल्यावर दोन दिवस मनगटं सुजून राहिली, ते खोटं कशाला सांगू. पण सकाळी गरम पाण्यात मुठी बुडवते तेव्हा आता आधीसारखा राग येत नाही. आत मेंदी असल्यासारखं वाटतं. जमत असेल तर तुम्हीही जा. दुपारची गाडी धरा, आणि बोलावलं नाही म्हणून थांबू नका.

बंडू, हे कांता तुला वाचून दाखवणार आहे, म्हणून लिहिते. यंदा भाऊबीजेला मला साडी नको. ओवाळणीत ती खुर्ची आणि भिंतीतला दांडा घाल. आणि मुराळी होऊन ये, पण दुपारी ये. होय का न्हाई ते पोळ्याच्या दिवशी, बैल ओवाळायच्या आत मला फोनवर सांग. 'बघू' म्हटलास तर मी फोन ठेवीन.