आवळीच्या झाडाला वळसा

दिवाळीला मनोहर आला नाही, तेव्हाच सासूबाईंनी ठरवलं की आता आपणच जायचं. मनोहर म्हणजे माझा धाकटा दीर, शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत महिनाभर उमरखेडपलीकडच्या जंगलात राहून काम करायचं आणि रेंजर साहेबांकडून ‘काम पूर्ण’ असा शेरा आणायचा, तरच परीक्षेला बसता येतं. नाहीतर वर्ष गेलं.

घरी कापसाची वेचणी सुरू, ह्यांचा पाय निघेना. “पोट्टा तिकडं कच्चंपक्कं खाऊन राह्यला असंन. सूनबाई, डबे भर,” सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, कार्तिक आहे, जंगलात आवळीही असेल; आवळीभोजन तिथेच करू. एका भाड्यात दोन कामं.

दारव्ह्याहून पहाटेची एस.टी. धरावी, म्हणजे दिग्रस, पुसद करत उजेडी उमरखेड गाठता येतं. पुसदच्या पुढे मागच्या बाकावर बसू नये. पोटातलं सगळं घशाशी येतं. लिंबू जवळ ठेवावं. पुसदच्या स्टँडवर चहा पंधरा नये पैसे, वर पाणचट! आम्ही घरचा गूळ खाऊन पाणी प्यालो.

कंडक्टर म्हणाला, “आजी, डबा मांडीवर घ्या, मानसाले बसू द्या.”

“मानसाची दिवाळी झाली बाप्पा. माह्या पोराची या डब्यात हाय,” सासूबाई म्हणाल्या. डबा बाकावरच राहिला.

रात्रीपुरतं उमरखेडला देवळाच्या धर्मशाळेत उतरलो. भाडं नाही, पेटीत आपल्या मनाने टाकायचं. मी चार आणे टाकले. सकाळी मनोहरने पाठवलेली बैलगाडी आली. हाकणारा हरसिंग, बंजारा तांड्यावरचा, तोडीच्या माणसांचा मुकादम. सासूबाईंना तो पहिल्यापासूनच ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायला लागला, आणि सासूबाई पाघळल्या. पुढे दुपारपर्यंत साग, पळस आणि चाकाखाली वाजणारा पाचोळा. पैनगंगेच्या बाजूने गार वारा येत होता. पांघरूण न्यावंच.

मनोहर उन्हाने काळा ठिक्कर पडलेला, पण खुशीत. नाल्यापासून सागाच्या नव्या लागवडीपर्यंत गाडरस्ता आखायचा, मधली झाडं काढायची, हे त्याचं काम. दोरी लावल्यासारखा सरळ रस्ता होता. “थोडी झाडं तेवढी काढायची उरलीत, वहिनी. परवा साहेब चालून पाहणार.”

दुसऱ्या दिवशी तो रस्त्याच्या पल्याडच्या टोकाला मोजणीची साखळी घेऊन गेला आणि मी आवळी शोधली. फार लांब जावं लागलं नाही. फळांनी वाकलेली, आणि बुंध्याला गेरूचा लाल पट्टा. मला वाटलं, इथे आधीच कुणीतरी पूजा करून गेलंय. हळदीकुंकू वाहिलं, सुताचे सात फेरे घातले, दिवा लावला. खीर, पुऱ्या, वांग्याची भाजी. सासूबाईंनी हरसिंगच्या सगळ्या माणसांना पंगतीला बसवलं. मनोहर सगळ्यात शेवटी आला, झाडाला पाठ टेकून पोटभर जेवला. हात धुताना बुंध्यावरच्या पट्ट्याकडे नजर गेली आणि तांब्या तसाच हातात राहिला.

“वहिनी, हे झाड रस्त्यात येतंय, उद्या सकाळी तोडायचंय! तो पट्टा मी मारलाय!”

हरसिंगने कुऱ्हाड उचलून बाजूला ठेवली. “आता नाई तुटत, बापू. पूजा झाली त्याची.”

त्याला तोड माझ्याकडे होती. गणपती नाही का आपण अक्षता टाकून उठवतो? मी आंघोळ केली, उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, देवाला हात जोडून निरोप दिला, सूत सोडलं. “झालं. आता नुसतं झाड आहे.”

हरसिंग डोकं खाजवत म्हणाला, “देव गेला, बाई. पण जेवण तर पोटातच हाय ना? ज्याच्या सावलीत जेवलो, त्याले कुऱ्हाड कशी लावू?”

यावर कोणती पूजा सांगणार! मनोहरही जेवला होता. सासूबाई रागावून बसल्या, “काहून आणलं तुले इथं?”

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले ते उन्हात पायी, घामाघूम. रस्त्यात ऐन मध्ये आवळी उभी, आणि सावली तेवढी तिथेच. सासूबाईंनी घोंगडी अंथरली, पुढे शंकरपाळे, चिवडा, उरलेल्या पुऱ्या. साहेबांनी सगळं संपवलं, ढेकर दिली आणि मग विचारलं, “हे झाड का राहिलं?”

मनोहरने खरं ते सांगितलं. हरसिंग हळूच म्हणाला, “साहेब, आता तुमीबी जेवले.”

साहेबांनी ताटलीकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मिशीतल्या मिशीत हसले, पण शेरा काही लिहिला नाही. “सरळ दोरी कोणीही ताणतो. लांब ओंडक्यांची भरली गाडी झाडाला न घासता वळली पाहिजे. दिवस मावळायच्या आत करून दाखव.”

मनोहरने खळ्यासाठी आखतात तशी मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवली. माणसांनी झुडपं काढली, मी आणि सासूबाई दगड वेचत होतो. हरसिंगने गाडी घातली. बैल वळले, चाकं वळली, पण ओंडक्यांचं मागचं टोक फिरून खर्रकन बुंध्याला घासलं. मनोहरचा चेहरा उतरला. त्याने दोरी हातभर वाढवली, पुन्हा आखलं. परत गाडी. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

“याडी, उघड डोये. गेली गाडी!” हरसिंग ओरडला.

साहेबांनी गाडीच्या दांडीवरच कागद ठेवून शेरा लिहिला.

परतताना पदरात आवळे बांधून आणले, मोरावळा घातला. खर्च ठरवल्यापेक्षा थोडा वरच गेला, पण बाहेरचं काही खाल्लं नाही. आवळीभोजन तर झालंच झालं. मनोहर परीक्षेला बसला. परवा त्याला साहेबांचा निरोप आला: रस्ता उत्तम, पण भलत्याच ठिकाणी गाड्यांना उशीर होतो. गाडीवाले आवळीपाशी आले की बैल सोडतात आणि भाकरी काढतात.

तुम्ही त्या बाजूला गेलात, तर डब्यात दोन माणसांचं जास्त न्या. त्या वळणावर एकट्याला जेवू देत नाहीत.