फायसन डॉक्टरची फिकी रेघ

फायसन काचालेला सगळं गाव डॉक्टर म्हणे. खरं तर तो सरोवराकाठच्या दवाखान्यातला रक्त तपासणारा. पण वीस वर्षांत त्याने ही चूक कुणाची सुधारली नव्हती. हाक आली की मान आपसूक ताठ व्हायची, त्याला तो तरी काय करणार?

भिंतीवर त्याची नऊ प्रमाणपत्रं. राजधानीतली प्रयोगशाळा वर्षातून दोनदा परीक्षा म्हणून रक्ताच्या सहा नळ्या पाठवायची: कुठलीत एचआयव्ही आहे ते ओळखून कळवा. सोबत एक ओळ असे, 'हे नमुने रोजच्या रुग्णांसारखेच तपासा.' फायसन ती मोठ्याने वाचायचा आणि दार लावून घ्यायचा. मग नळ्यांची जावयासारखी बडदास्त. टेबल खिडकीपाशी, घड्याळ समोर, थेंब टाकलेली पट्टी उन्हात धरून लागणीची रेघ उमटली का ते तीनतीनदा बघणं. वर दाई तामांदानीला हाक, "ये गं, तुला काय दिसतं?" तिला दिसेल ते हा आपलं म्हणून लिहायचा. रोजच्या रुग्णांची पट्टी मात्र एका हातात चहा धरून, दुसरा हात लांब करून वाचायची. चष्मा? "तो मास्तरांना लागतो," म्हणे.

दहाव्या खेपेला तामांदानी बाळंतपणात अडकली आणि बाहेर गरोदर बायांची ही रांग. फायसनने सहा नळ्या रांगेतच घुसवल्या. आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळला आणि तिथेच आपटला. महिन्याने कागद आला: सहापैकी चार बरोबर. चुकलेल्या दोन्हींत रेघ फिकी होती. याने लिहिलं होतं, 'रेघ नाही.'

"नळ्याच खराब आल्या असतील," तो म्हणाला.

तामांदानीने लागण असल्याचं आधीच ठाऊक असलेला, कपाटात ठेवलेला नमुना पट्टीवर टाकला. पंधरा मिनिटं थांबली. "दिसते रेघ?"

"कुठाय?"

"म्हणजे डॉक्टर, भिंतीवरचे ते नऊ कागद माझे आहेत की हो!"

फायसन घरी गेला आणि बायकोचा चर्चला घालायचा लाल काड्यांचा चष्मा उचलून आला. रेघ होती. त्याला आधी हसू आलं, मग त्याने नोंदवही उघडली. याच डोळ्यांनी पावसाळ्यापासून चौसष्ट गरोदर बायांना 'काही नाही, जा' म्हटलं होतं.

त्याने सगळ्यांना परत बोलावलं. तो चष्मा बघून रांगेत हशा पिकला. "डॉक्टर, बायकोचं चिटेंजेही नेसून यायचं की!"

"धुवायला टाकलंय," फायसन म्हणाला, आणि एकेका पट्टीला जावयाचा मान देत बसला.

त्रेसष्ट जणींचं ठीक निघालं. फालेसीच्या पट्टीवर फिकी रेघ आली. खात्रीसाठी घेतलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पट्टीवरही आली. तिला सातवा महिना होता.

तामांदानी हळूच म्हणाली, "दोन तपासण्यांच्या मधल्या काळातही लागण होते. तसं लिहा. कोण विचारतंय?"

फायसनला ही पळवाट फार आवडली. इतकी, की दोन मिनिटं तो तिच्यातच बसून राहिला. मग उठून त्याने फालेसीला आत घेतलं, दार लावलं.

"बाई, तुला लागण आहे. मागच्या खेपेला मी काही नाही म्हणालो, पण बहुतेक तेव्हाही होती. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे सांगायची लाज वाटत होती."

फालेसीने त्या लाल चष्म्याकडे बघितलं. "आणि पोटातलं?"

"आजपासून गोळ्या घेतल्यास तर बहुतेक सुखरूप," तामांदानी म्हणाली. "अजून वेळ आहे."

"यांना आज तरी नीट दिसलं का?" फालेसीने विचारलं, तेही तामांदानीलाच.

"मीपण बघितलं, गं."

फालेसीने बोट पुढे केलं. "पुन्हा टोचा. माझ्यासमोर."

फायसनने टोचलं, थेंब पट्टीवर सोडला, घड्याळ मध्ये ठेवलं. तिघं बसून राहिली. चहा कुणी आणला नाही. पंधरा मिनिटं एवढी लांब असतात, हे त्याला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

वेळ भरल्यावर फालेसीनेच वाकून बघितलं. मग तामांदानीकडे हात पसरून पहिली गोळी मागितली.