प्रतिभाला धीर धरवत नव्हता

न्हावऱ्याच्या प्रतिभाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. ताटावर बसली की पाण्याला उठायची, मग मिठाला, मग नुसतीच. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हिचं उत्तर तयार. कारेगावच्या बाजूच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या अशाच सुटल्या. सुपरवायझर काही बोलला की ॲप्रन टेबलावर टाकून ती गेटबाहेर. घरी पोचेपर्यंत पस्तावायची. नवरा बिरदेव म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरीच हाय."

धाकटी नणंद सविता मात्र तिला जीव लावायची. पण तळेगाव ढमढेऱ्याहून पाहुणे सविताला बघायला आले आणि सगळं बिघडलं. बोलणं जुळत आलं होतं. मुलाची आई सहज म्हणाली, "एवढी गुणाची पोरगी, आजून कशी राहिली?"

प्रतिभा बोलून गेली, "मागं सुपारी फुटली होती की, त्या लोकांनी मोडलं."

पाहुण्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाले. त्यांचा फोन आलाच नाही. सविता भांडली नाही, तिनं वहिनीशी बोलणंच सोडलं.

"मुद्दाम न्हाई ओ बोलले," प्रतिभा बिरदेवला सांगायची. "शब्द तोंडातून गेला का मग मला कळतं."

पुढं शिरूरला जाताना जीप थांबायच्या आत तिनं उडी टाकली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढी कसली घाई होती?"

"कसलीच न्हाई," ती म्हणाली.

त्या उत्तरावर डॉक्टर थबकले. आणखी थोडं विचारून त्यांनी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं.

बिरदेवला ते रुचलं नाही, तरी बरोबर गेला. बाईंनी प्रतिभाच्या वडिलांना, हरिबांनाही बोलावून घेतलं. लहानपणी कशी होती, असं विचारल्यावर ते म्हणाले, "वर्गात टिकायची न्हाई. कवा झाडावर, कवा पत्र्यावर. आमाला वाटायचं, लाडानं बिघडली."

बाईंनी रक्त तपासून घेतलं, पुन्हा पुन्हा बोलावलं आणि मग नाव सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि उतावीळपणा ताब्यात न राहणं. "हे लहानपणापासूनचं आहे. मुलींच्या बाबतीत पुष्कळदा लक्षातच येत नाही. मोठेपणी पळापळ कमी दिसते, पण आतली मोटार चालूच असते. मनात आलं आणि केलं, यात मधे जागाच राहत नाही. ती जागा करायला शिकता येतं."

प्रतिभाचे डोळे भरले. "म्हंजी मी वाईट न्हाई?"

"नाही. पण बोललेलं निस्तरायचं तुम्हालाच."

गोळ्या सुरू झाल्या. आधी भूकच मेली, मग डोस बदलावा लागला. राग उसळला की आधी तिथून बाजूला व्हायचं, नोकरी सोडण्यासारखं काही असलं तर "उद्या सांगते" म्हणायचं, हे बाईंनी घोटून घेतलं. हात बरा झाल्यावर नव्या कारखान्यात तिनं स्वतःच फिरतीचं काम मागून घेतलं. लाईनवर माल पोचवत दिवसभर चालते, म्हणून संध्याकाळी ताटावर टिकते. रोज नाही, पण टिकते.

एक दिवस सविता गोठ्यात धार काढत होती. प्रतिभा जवळ जाऊन बसली. "डॉक्टर म्हणत्यात, आजार हाय. पण तुझं नुकसान माझ्याच तोंडानं झालं."

"मग आता दर टायमाला आजाराचं नाव सांगणार का, वहिनी?"

उत्तर अगदी ओठावर आलं होतं. प्रतिभानं ते गिळलं. सविता मग पुष्कळ बोलली. शेजारणी काय काय म्हणाल्या, आरशात बघायचीही कशी लाज वाटायची, सगळं. बोलताना रडली. प्रतिभा बोटं एकमेकांत घट्ट धरून ऐकत राहिली.

शेवटी सविता म्हणाली, "मधी बोलली न्हाईस तू."

"न्हाई."

सवितानं दुधाची किटली तिच्या हातात दिली आणि दुसऱ्या गाईखाली बसली.

दोघींचं पहिल्यासारखं हसणं अजून आलेलं नाही. परवाच प्रतिभा घरी आलेल्या बिरदेवच्या मित्राला नको ते बोलून बसली. तो वेशीपर्यंतही पोचला नसेल, तोच तिनं फोन लावून माफी मागितली.