बारावे पिंप

रिकामे झालेले प्रत्येक पिंप गौतमतात्या कांबळे स्वतः फोडत. पिंप आडवे पाडायचे, त्यावर डावा पाय रोवायचा आणि पहारीने तळाला दोन, पोटाला दोन भोके पाडायची. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिले नाही. जाड प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे ते निळे पिंप बाजारात हातोहात खपते. पाणी साठवायला लोक ते हौसेने घेतात. तात्या म्हणत, "सायेब, भोक पाडलं की पिंप मरतंय. न्हायतर कुणाच्या तरी सैपाकघरात जाऊन बसतंय."

कागलच्या औद्योगिक वसाहतीत माझा प्लेटिंगचा लहानसा कारखाना आहे. यंत्रांच्या सुट्या भागांवर आम्ही जस्ताचा मुलामा चढवतो आणि त्यावर क्रोमियमचा हात देतो. ती विषारी द्रावणे या पिंपांतून येतात. म्हणून रिकामे पिंपसुद्धा नियमाने घातक कचराच; नोंद करून ते परवानाधारक केंद्राच्या गाडीतच द्यावे लागते. कचऱ्याची शेड तात्यांकडे होती. सांडपाण्यातून निघणाऱ्या विषारी गाळाच्या प्रत्येक पोत्यावर ते आपल्या वळणदार अक्षरात लिहीत : आत काय आहे, अंगावर सांडले तर काय करायचे. छापील इंग्रजी लेबल असताना हा खटाटोप कशाला, असे मी एकदा विचारले. "उचलणाऱ्याला वाचाय याय नको व्हय?" ते म्हणाले आणि पुढच्या पोत्याकडे वळले.

चांगली पिंपे फोडू नका, विकली तर पैसे येतील, असे मी त्यांना बजावले, तेव्हा त्यांनी माझ्यादेखत तीन फोडली. मी मेमो दिला. "द्या की! फ्रेम करून लावतो घरात. सूनबाई म्हणती, मामांस्नी कारखान्यात कोण इचारत न्हाय." सारी शेड हसली. मीही हसलो, पण मनात राग धरला. आज तो राग आठवला की माझी मलाच लाज वाटते.

पुतणीच्या लग्नासाठी तात्या चार दिवस कोडोलीला गेले, तेव्हा मी शेडमधली बारा रिकामी पिंपे एका भंगारवाल्याला दिली. धुऊन दिली, असे स्वतःला समजावले. परतल्यावर तात्या शेडमधून थेट माझ्या टेबलासमोर आले.

"पिंपं कुठं हायत?"

"भंगारात दिली."

"भोकं पाडून?"

मी समोरची फाइल उघडली. तात्यांनी माझ्या गाडीची किल्ली उचलून माझ्या हातात ठेवली. "चला."

भंगारवाल्याने ती कुरुंदवाडच्या बाजारात विकली होती. त्याला सोबत घेऊन आम्ही दोन दिवस घरे धुंडाळली. एका घरी बाईंनी आम्हाला बसायला घोंगडे टाकले. "उन्हाचं आलाय पावणं, पाणी घ्या," म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपातून तांब्या भरून आणला. तात्यांनी तो घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या की सायेब. तुमच्याच पिंपातलं हाय."

मी तांब्या खाली ठेवला. बाईंना म्हणालो, "पिंपाला तडा आहे. आम्ही बदलून देतो."

"खोटं हाय, ताई," तात्यांचा आवाज चढला. "ह्यात कारखान्याचं इख हुतं. ह्यांनी इकलं. हे पाणी आता जनावरालाबी दावू नका. पोरांस्नी डॉक्टरकडं न्या, मी येतो संगं."

बाई माझ्याकडे वळल्या. मग एवढेच म्हणाल्या, "तुमच्या घरात ठेवलं असतं का वो हे?"

अकरा पिंपे सापडली. बारावे कुणीतरी सायकलला बांधून नेले होते. कोण, कुठला, हे भंगारवाल्याला सांगता येईना. बाजारात कारखान्याच्या नावानिशी फलक लावा, असा तात्यांनी आग्रह धरला. मी नकार दिला. चौकशी होईल, कारखान्याला टाळे लागेल, चाळीस जणांच्या पोटाचा प्रश्न आहे, असे म्हणालो.

"त्या चाळीसात मीबी हाय," तात्या म्हणाले. "माझ्या पोटाच्या आड लपू नका."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते स्वतःच पुठ्ठ्याचा फलक गळ्यात अडकवून उभे राहिले. त्यावर पिंपाचे वर्णन होते, आत काय होते ते होते आणि माझ्या कारखान्याचे नाव होते. मी त्यांना कामावरून काढले. पत्राच्या पोचेवर त्यांनी सही केली आणि खाली लिहिले : 'बारावं पिंप अजून सापडलं न्हाय.'

त्यानंतरही ते बाजारात जात राहिले. कुणी चेष्टा करी, "तात्या, पगार कोण देतंय ह्याचा?" ते म्हणत, "कोण न्हाय. म्हणून तर कोण थांबवू शकत न्हाय." दम्याने अंथरुणाला खिळेपर्यंत त्यांनी एकही बाजार चुकवला नाही. गेल्या वर्षी ते वारले. मी मातीला गेलो. त्यांच्या मुलाने कुणाला मला अडवू दिले नाही, पण तो माझ्याशी बोललाही नाही. तेच योग्य होते.

दुखवट्याचे दिवस संपायची वाट न पाहता मी प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात गेलो आणि सारे लिहून दिले. कारखाना काही महिने बंद राहिला. कामगारांचे पगार मी घरातून दिले. आमच्या व्यवसायातले मित्र म्हणाले, "वेडा झालास. कुणी विचारलं होतं तुला?" विचारणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी कामावरून काढले होते, हे मी त्यांना सांगितले. पुन्हा विचारले तर पुन्हा सांगेन.

आता बाजाराच्या दिवशी कुरुंदवाडला तसाच फलक गळ्यात अडकवून मी उभा राहतो. पहिल्या दिवशी मान वर होत नव्हती. शेजारच्या भाजीवाल्या बाईंनी फलकाकडे बोट दाखवून विचारले, "पावणं, काय इकाय आलाय?"

"काही नाही," मी म्हणालो. "विकलेलं शोधायला आलोय."

"कुणी इकलं हुतं?"

भोवती चार माणसे थांबली होती. मी माझे पूर्ण नाव सांगितले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.