एकेक वजा करताना

हृदयाची आकृती फळ्यावर काढताना मी निळा आणि लाल असे दोन खडू वापरत असे. चित्रातील उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला का येते, हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. ज्याचे हृदय आहे तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे समजा, एवढे सांगितले की बहुतेकांना उलगडा व्हायचा. तो समोर उभा असलेला माणूस कोण, असा प्रश्न मात्र मला नोकरीत असेपर्यंत कधी पडला नाही.

निवृत्तीनंतर, शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचा जिना पिठाचा डबा घेऊन चढत असताना छातीत फडफड सुरू झाली. पोत्यात कोंबडी कोंडावी आणि तिने आतून पंख मारावेत, तशी. मी डबा पायरीवर ठेवला आणि नाडी पाहिली. दोन ठोके लगोलग, मग एक रिकामी जागा, मग तीन घाईचे, पुन्हा एक उशिराचा. दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितले : एट्रियल फिब्रिलेशन.

वर्गात शिकवायचे झाले असते तर मी असे शिकवले असते. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. कवायतीच्या मैदानावर शिट्टी एकाचीच असते आणि पावले तिच्यावर पडतात. या रोगात वरच्या कप्प्यांत शेकडो शिट्ट्या एकाच वेळी वाजतात. अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, आणि ज्या काही शिट्ट्या खालपर्यंत पोहोचतात त्यांवर निलय जमेल तसे पाऊल टाकतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायची, ठोक्यांचा वेग आवरणारी दुसरी घ्यायची आणि दाढी करताना वस्तरा जपून चालवायचा. हे सर्व मला उत्तम समजले होते. समजल्यामुळे भीती कमी होईल, ही माझी अपेक्षा तेवढी चुकली.

फडफड येई, काही तासांनी जाई, कधी रात्रभर मुक्काम करी. ती नसताना मी तिची वाट पाहत असे. दोन बोटे मनगटावर ठेवूनच मी वर्तमानपत्र वाचू लागलो. आमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे. तिच्या पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना ठक् ठक् वाजतो, आणि त्या ठोक्यात माझा ठोका मिसळला तर तो कोणाचा हे ओळखू येत नसे. म्हणून दळण सुरू असले की मी मागच्या खोलीत जाऊन बसत असे.

मग मी कारण शोधायला घेतले. विज्ञानाच्या प्रयोगाचा पहिला नियम असा की एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत. त्याप्रमाणे आधी चहा सोडला. त्यानंतर रविवारचा तांबडा रस्सा सोडला. डाव्या कुशीवर झोपणे सोडले. जिना दिवसातून एकदाच उतरायचा असे ठरवले. मोठ्याने बोलणे बंद केले. एसटीचा प्रवास बंद केला, कारण वाटेत काही झाले तर दवाखाना किती लांब असेल हे सांगता येत नव्हते. आणि लहानपणापासून ज्याच्यावाचून माझा एकही हंगाम गेला नव्हता, तो पेठेच्या संघाचा फुटबॉल सोडला. एखादी गोष्ट सोडल्यावर काही आठवडे बरे गेले की ती गोष्ट दोषी ठरे. पुन्हा फडफड आली की मी नवा संशयित शोधत असे, पण आधीच्याला सोडून देत नसे. वगळलेला घटक परत आणून पाहायची पायरी माझ्या प्रयोगात नव्हतीच. कोणा विद्यार्थ्याने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी त्याचे गुण कापले असते.

सर्वांत शेवटी मी एकटे राहणे वजा केले. पत्नी देवळात गेली की मला धडधडे, म्हणून तिने घराबाहेर फार वेळ राहू नये असे ठरले. ठरले म्हणजे मी तसे कधी बोललो नाही. ती चप्पल घालू लागली की माझी दोन बोटे मनगटाकडे जात, आणि तिला ती दिसत.

डॉक्टरीणबाई तपासणीच्या वेळी म्हणाल्या, "सर, तुम्ही सगळं सोडलंत. हृदयानं त्याची सवय सोडली का?"

"नाही."

"मग आता मनगट सोडा. सकाळी एकदा नाडी बघा आणि विषय संपवा. छातीत दुखलं, दम लागला, भोवळ आली, तोंड वाकडं झालं किंवा हात उचलेना, तर धावत यायचं. नुसती फडफड असेल तर ठरलेली जादा गोळी आणि मला फोन. आणि या भीतीवरसुद्धा उपचार असतो. नाव देऊ का एखाद्या डॉक्टरांचं?"

मी हो म्हणालो, नाव घेतले आणि गेलो नाही.

पत्नीचे माहेर कुरुंदवाडचे. तिची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, तिथेच राहते. उन्हाळ्यात एक दिवस बहिणी अक्काच्या गच्चीवर जमतात आणि वर्षाचे सांडगे घालतात. कोहळा नेण्याचा मान धाकटीचा, म्हणजे माझ्या पत्नीचा. मागच्या वर्षी माझ्यामुळे तिचे जाणे झाले नव्हते. यंदा तिने कोहळा आणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला होता, आणि रोज झाडताना ती तो उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवत असे. मग अक्काचा फोन आला. अक्का बोलू लागली की फोनचा स्पीकर लावावा लागत नाही.

"येतीस का न्हाई? माझं गुडघं गेल्यात. पुढल्या साली मला खाली बसायला व्हईल असं वाटत न्हाई बघ."

"न्हाई जमायचं गं अक्का. ह्यांना बरं न्हाई."

"मग मालकास्नी घिऊन ये की! हितं काय दवाखाना न्हाई व्हय? आम्ही काय गुरांच्या डाक्टरकडं जातोय?"

पत्नी हसली आणि तिने फोन ठेवला. त्या वेळी मी, बरे नसलेला माणूस, समोर बसून दुसरी भाकरी खात होतो. तिने पदर खोचला, कोहळा उचलून काखेत घेतला आणि ती जिना उतरली. खाली गिरणीवाल्यांच्या घरी तो देऊन ती परत आली आणि भांडी घासू लागली. कोपऱ्यात जिथे कोहळा होता तिथे फरशीवर त्याची पांढरी भुकटी गोल उमटलेली होती. माझे लक्ष पुनःपुन्हा तिकडेच जात राहिले.

"कोहळा परत आण," मी म्हणालो.

"का? भाजी खायचीय?"

"तू कुरुंदवाडला जा. मी राहीन एकटा."

तिने नळ बंद केला. "राहशीला?"

"सकाळी जाऊन संध्याकाळी येशील ना?"

कोहळा गिरणीवाले स्वतःच वर घेऊन आले. आमच्यापेक्षा वयाने लहान, पिठाने भुवया पांढऱ्या झालेले आणि पेठेच्या संघासाठी जीव टाकणारे गृहस्थ. "काय वो वहिनी, दिलेला कोहळा परत मागतायसा? त्याचं बी सरांसारखं हिकडं-तिकडं व्हाय लागलं काय?" कारण कळल्यावर ते म्हणाले, "जावा बिनघोर. सरांस्नी काय वाटलंच तर खाली पोत्यावर झोपवतो. मऊ असतंय."

ठरलेल्या दिवशी ती सकाळच्या एसटीने गेली. मी नाडी एकदाच पाहिली. पुस्तक उघडले, मिटले. दाराची कडी लावली; आत काही झाले तर लोकांना दार फोडावे लागेल म्हणून ती काढली. दुपारी जेवून ताट विसळत असताना फडफड सुरू झाली.

मी आरशासमोर उभा राहून हसून पाहिले. ओठ दोन्ही बाजूंना सारखे होते. दोन्ही हात वर केले. वाचा शाबूत आहे का हे पाहण्यासाठी जडत्वाचा नियम मोठ्याने म्हणून दाखवला. तो बरोबर आला. छातीत दुखत नव्हते, दम लागत नव्हता, भोवळ नव्हती. होती ती फक्त कोंबडी. मग माझा अंगठा पत्नीच्या क्रमांकावर जाऊन थांबला. या वेळी तिचे हात डाळीच्या पिठात असतील, आणि माझा आवाज ऐकताच ती ते न धुता पिशवी उचलेल, हे मला दिसत होते. त्यानंतर ती पुन्हा कधी जायला निघणार नाही, हेही दिसत होते. तरीही अंगठा तिथून हलायला बराच वेळ लागला. शेवटी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्यांनी सगळी लक्षणे एकेक करून विचारली. मी एकेकीला नाही म्हणालो. "ठोके फार जोरात पळतायत?"

"नाही. वाकडेतिकडे आहेत."

"मग जादा गोळी घ्या. आणि सर, बंद खोलीत एकटे बसू नका. माणसांत बसा. सांगितलेल्यातलं काही वाटलं तर तडक इकडे."

गोळी घेऊन मी कठडा धरून खाली उतरलो. गिरणीवाले भर दुपारी गिरणीचे दार ओढून घेत होते.

"दळण बंद?"

"पेठेची म्याच हाय की सर! आज गिरणी चालू ठिवली तर पेठेतली पोरं माझ्याच पिठात मला मळतील." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा हात कुलपावरच थांबला. "काय हुतंय?"

मी सांगितले. ते रिक्षा बोलवायला धावणार होते, पण डॉक्टरांनी फक्त एकटे न बसण्यास सांगितले आहे, असे मी समजावले. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"मग दोनच वाटा. एक तर मी हितं तुमच्यासंगं बसतो, जाऊ दे म्याच. न्हाईतर तुम्ही माझ्यासंगं चला."

ते पहिल्या वाटेला मनापासून तयार होते, आणि तीच गोष्ट मला सोसेना. माझ्या नाडीपायी घरात एक माणूस अडकलेले होतेच. आता रस्त्यावरून दुसरे अडकू पाहत होते. मी मनात हिशेब मांडला. स्टेडियमच्या दारात रुग्णवाहिका उभी असते, आणि तिथून दवाखाना आमच्या घरापेक्षा जवळ आहे. "चला," मी म्हणालो. रिक्षात मी दोन्ही हात मांड्यांवर पालथे ठेवून बसलो.

पेठेची माणसे ज्या बाजूला बसतात तिथल्या पायऱ्या उन्हाने तापल्या होत्या. आम्हाला जागा करून देत एक जुने ओळखीचे ओरडले, "आलं का सर! आम्हाला वाटलं, दुसऱ्या पेठेला सामील झालासा!"

"सरांचं काळीज नरम झालंय," गिरणीवाले म्हणाले.

"मग आपली टीम बघू नगासा. हिनं धडधाकटाचं बी काळीज जातंय!"

सर्वजण हसले आणि मैदानाकडे वळले. माझ्याकडे पाहणारे कोणी उरले नाही. फडफड चालूच होती. मागून पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, पुढे झेंडा फडकत होता आणि मी घामेजलो होतो. हा घाम रोगाचा की उन्हाचा, हे ठरवण्यासाठी मी नाडी शोधू लागलो. तेवढ्यात आपल्या संघाला कॉर्नर मिळाला आणि गिरणीवाल्यांनी मैदानावरची नजर न काढता शेजारी जे हाताला लागले ते घट्ट आवळून धरले. ते माझे मनगट होते. चेंडू वरून गेला, परत आला, पुन्हा कॉर्नर. नाडी पाहायला मला माझेच मनगट मिळेना. हात सुटला तेव्हा त्यावर पिठाची चार बोटे उमटली होती, आणि मी उभा होतो. केव्हा उभा राहिलो, ते माहीत नाही.

आम्ही हरलो. घराशी आल्यावर गिरणीवाले म्हणाले, "दार उघडं ठिवा. मी खालीच हाय."

पत्नी दिवस मावळताना आली. तोंड उन्हाने रापलेले, लुगड्याला हिंगाचा वास, हातात रिकामी पिशवी. दारातच थांबून तिने सवयीप्रमाणे आधी माझा चेहरा वाचला. सगळे ठीक होते, असे सांगायचे मी रिक्षात ठरवले होते. पण ते खोटे एक दिवस तिला कळले असते, आणि मग माझ्या 'ठीक आहे'वर विसंबून ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेली नसती.

"आली होती," मी म्हणालो. "दुपारी."

"आणि फोन न्हाई केलासा?"

"डॉक्टरांना केला. गोळी घेतली. त्यांनी माणसांत बसा म्हटलं, म्हणून गिरणीवाल्यांबरोबर मॅचला गेलो."

"मॅचला!" तिचा आवाज चढला. "मला कळवायचं न्हाई?"

"कळवलं असतं तर तू आली असतीस."

"आलेच असते की!"

"म्हणून नाही कळवलं."

ती रागावलेली होती, हे तिच्या श्वासावरून कळत होते. मग चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसली. "अजून हाय?"

"आहे. दुपारपेक्षा कमी."

"जेवलासा?"

"जेवलो. तुमचे सांडगे झाले?"

"झाले. अक्का नुसती वरडत हुती, म्हणजे झाले." तिने पदराने मान पुसली. "परवा ते उलटायला पायजेत. तिला गच्ची चढवत न्हाई." माझ्याकडे न पाहता ती पुढे म्हणाली, "गेले तर एक रात्र राहीन म्हणते."

छातीत काहीतरी उसळले. ते रोगाचे की भीतीचे, हे मला वेगळे काढता आले नाही. दोन्ही हात मी खुर्चीच्या हातांवर तसेच राहू दिले.

"जा," मी म्हणालो. "आणि उद्या मी त्या भीतीवरच्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन करतो."

ती उठली, चप्पल काढली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली. पिशवी एरवी ती घडी घालून कपाटात ठेवते. त्या दिवशी ती तिने दाराजवळच्या खुंटीलाच अडकवून ठेवली.