आमच्या गल्लीतली लस

माझी मुलगी आणि शेजारच्या मेकॅनिकचा मुलगा एकाच आठवड्यात जन्मले. माजलगावात आमची गल्ली जिथे वळते तिथून मुसलमानांची घरं लागतात. त्यातलं पहिलंच त्यांचं.

दीड महिन्याच्या लसीचं सांगायला आशाताई आमच्याकडे आल्या आणि तिथूनच माघारी निघाल्या. "पुढं नाही जायचं?" मी विचारलं.

"त्यांच्यात घेत नाहीत हो," त्या म्हणाल्या. मलाही ते खरं वाटलं.

दुपारी मेकॅनिकची बायको बाळाला घेऊन आमच्या ओट्यावर टेकली. मी म्हणाले, "भाभी, लस कावून देत न्हाई बाळाला?"

"कधी देतेत, कुठं देतेत, कोन सांगितलंय आमाला? अन् जावंच्या पोरीला टोचल्यावर लई ताप आलता. कुणी विचारायला बी आलं न्हाई. तवापासून घरात समदेच भेतेत."

दुसऱ्या दिवशी मी भाभीला बाळासकट अंगणवाडीत घेऊन गेले. माझ्या मुलीला टोचून झाल्यावर सिस्टर भाभीला म्हणाल्या, "आज कशा काय आलात? तुमच्यात घेत नाहीत ना?"

भाभीचा चेहरा पडला. ती उठायला लागली. मी तिचा हात धरला. "सिस्टर, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. ताप आला तर काय करायचं, तेवढं नीट सांगा."

सिस्टर ओशाळल्या. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी सगळं समजावलं आणि बाळाला टोचलं.

परतताना माझी मावसबहीण आठवली. ती ऊसतोडीला जाते, तिच्या पोरांचेही डोस चुकतात. पण तिच्याबद्दल लोक म्हणतात, "बिचारी बाहेरगावी असते." तिची जात कुणी काढत नाही.

संध्याकाळी मेकॅनिक दारात आला, हाताला ऑइल तसंच. मला म्हणाला, "भाभी, पोरगं तापलंय."

मी मुलीला खांद्यावर घेऊन गेले. तीही तापलेली होती. मेकॅनिकच्या आईने दोन्ही बाळांच्या कपाळाला हात लावला. "इसको भी?"

"हो, दोघांनाही."

म्हातारी खाली बसली. सिस्टरनी दिलेलं तापाचं औषध तिनेच नातवाला पाजलं. सकाळी दोन्ही बाळं हातपाय झाडत खेळत होती.

पुढच्या वेळी आशाताईंसोबत मी त्या घरांतून फिरले. काहींनी बाळं आणली. भाभीच्या जावेने चहा दिला, पोरीला मात्र आत नेलं. आशाताई बोलायला गेल्या, तशी भाभी हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आज. मी बोलते तिच्याशी."